स्मरणिकेसाठी मजकूर पाठवताय? मग एवढं कराच

परवा मंडळाच्या स्मरणिकेसाठी एका काकांचा अहवाल आला आणि पटलं, की फाइल सेव्ह करणं ही कला आहे, येरागबाळ्याचं काम नाही. तर नवशिक्यांसाठी चार युक्त्या, फुकट.

यंदाचा अहवाल लिहायचाय? गेल्या वर्षीची फाइल उघडा आणि तिच्यातच सुरू करा. आधी कॉपी काढणं हे भित्र्या लोकांचे धंदे. त्यात फाइल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कपाटात, असेल आणि ऑटोसेव्ह चालू असेल तर सोन्याहून पिवळं, सेव्ह दाबायचेही कष्ट नाहीत, जुना अहवाल आपोआप साफ. व्हर्जन हिस्टरीत, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्यांच्या यादीत, तो सापडतो म्हणे, पण तिथे शोधायला आम्ही रिकामटेकडे आहोतच की.

फाइलचं नाव 'अहवाल'. सगळ्यांनीच.

पीडीएफ मागितली तर घाबरू नका. राइट क्लिक, रीनेम, शेवटचं डॉकएक्स (वर्डच्या फाइलची शेपटी) खोडून पीडीएफ लिहा. झाली! समोरच्याकडे उघडत नसेल तर त्याचा कम्प्युटर जुना.

आणि मराठी मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, चुकूनही टाइप करू नका हं. विंडोज २००० पासून त्याचा फॉन्ट कम्प्युटरमध्ये आयता येतोय, आधी मंगल, आता निर्मला, म्हणून काय वापरायचा? आपला तो जुना कृतीदेव फॉन्ट बरा, ज्याच्या पोटात मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरं नि चिन्हं असतात, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या मशीनवर 'मराठी' हा शब्द 'ई जे के बी एच' असा उघडतो. काकांनी तसंच पाठवलं. मी म्हटलं पीडीएफ द्या, तर दिली, खरीखुरी दिली, दिसायलाही झकास, पण वर "दोनच नावं बदलायचीत तेवढी बदलून घे". आता त्यातला मजकूर कॉपी करून पेस्ट केला की परत ई जे के बी एच! मग नातवाने सांगितलं टेक्स्ट फाइल सगळीकडे उघडते, म्हणून टीएक्सटीत सेव्ह करून आली. उघडते हो, पण तिच्यात फॉन्ट राहतच नाही ना, मग राहिलं काय? तर शेवटी स्क्रीनचे मोबाइलवर काढलेले फोटो, तिरके, मधोमध ट्यूबलाइट चमकतेय आणि नेमकी तिच्याखाली देणगीदारांची नावं. रात्री जागून ते सगळं टाइप कोण करणार, काका?

अहो, वर्डमध्ये एफ१२ दाबा! सेव्ह ॲजची खिडकी उघडते, तिथे नावात स्वतःचं आडनाव आणि साल घाला, खाली 'सेव्ह ॲज टाइप'मध्ये पीडीएफ निवडा, की झाली वेगळी कॉपी, मूळ फाइलला धक्का नाही. वर्ड २०१० पासून ही पीडीएफची सोय आतच आहे. लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ दहादा तपासता आणि मंडळाच्या कामाला एक बटण दाबवत नाही? कम्प्युटर येत नसेल तर सरळ सांगा, कागदावर लिहून द्या, मी टाइप करीन, पण 'तुझ्याकडेच काहीतरी गडबड आहे' हे आता ऐकून घेणार नाही. पीडीएफ आणि डॉकएक्स, दोन्ही, युनिकोडमध्ये, शुक्रवारपर्यंत. फोटो आला तर त्या पानावर जाहिरात छापणार.