म्हातारपणी स्टेंट नको? कावीळ उतरवून घ्या?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरतोय: पित्तनळीच्या कॅन्सरमुळे म्हाताऱ्या माणसाला कावीळ झाली तर स्टेंटच्या, म्हणजे पित्तनळी उघडी ठेवायला आत बसवायच्या छोट्या नळीच्या, फंदात पडू नका. तो तुंबतोच, शिवाय त्या वयात झेपत नाही. त्यापेक्षा कावीळ उतरवून घ्या.

आधी ‘उतरवणं’. हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत धुतला की पाणी पिवळं होतं. धडधाकट माणसाने हात धुतले तरी होतं. विषाणूची कावीळ बहुतेकदा आपोआप ओसरते आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. गाठीने दाबलेली नळी मात्र आपोआप मोकळी होत नाही. शौचाचा रंग मातकट पांढरा, लघवी कोऱ्या चहासारखी आणि रात्रभर खाज असेल, तर पित्त अडलंय असं समजा. अशा वेळी आठवडे दवडले की अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग होऊ शकतो.

‘वयाला झेपत नाही.’ स्टेंट बसवायची पद्धत म्हणजे ईआरसीपी. तीत पोट कापत नाहीत. तोंडातून दुर्बीण घालून नळीत तार सरकवतात आणि तारेवरून स्टेंट बसवतात. वयापेक्षा हृदय, फुफ्फुसं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचा विचार जास्त करावा लागतो. आतड्यात पित्त नसलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून आधी आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासून गरजेप्रमाणे इंजेक्शन देतात. धोका आहेच: काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. नंतर पोटात जोरात दुखलं तर लगेच कळवा.

‘तुंबतोच’ हे अर्धं खरं. प्लास्टिकची नळी जेमतेम तीन मिलिमीटरची, साधारण तीन महिन्यांत गाळाने भरते. जाळीचा धातूचा स्टेंट 8 ते 10 मिलिमीटर उघडतो आणि बराच जास्त टिकतो. तो महाग असतो, पण माणूस तीन महिन्यांहून जास्त जगेल असं वाटत असेल तर आमच्या मते तोच घ्यावा. थकल्या जिवाच्या खेपा वाचतात. गाठ यकृताच्या तोंडाशी, नळीच्या फाट्यावर असेल तर आधी एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) हवीच. नळीच्या ज्या फांदीत एक्स-रेत दिसण्यासाठीचं औषध सोडलं पण निचरा झाला नाही, तिथे संसर्ग होतो. अशा ठिकाणी कधीकधी बरगड्यांमधून यकृतात नळी घालून पित्त बाहेर पिशवीत काढतात. पिशवीत रोज किती पडलं ते लिहून ठेवा. पित्ताबरोबर पाणी आणि क्षारही जातात.

स्टेंटनंतर दुसऱ्या दिवशी डोळे पांढरे होत नाहीत. बिलिरुबिनचा (काविळीच्या पिवळ्या रंगद्रव्याचा) काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो, तो उतरायला आठवडे लागतात. त्याआधी शौचाचा रंग परत येतो. निचरा नीट झाला असेल तर तेल-तूप तोडू नका, आधीच वजन घटलेलं असतं.

दिवस मोजकेच उरले असतील आणि ताप नसेल, तर काहीच न घालणं हाही योग्य निर्णय असतो. खाजेसाठी रिफॅम्पिसिन किंवा सर्ट्रालिनबद्दल डॉक्टरांना विचारा. पित्त पूर्ण अडलेलं असताना कोलेस्टिरामिन या खाजेवरच्या पुडीचा उपयोग होत नाही, कारण ती पूड आतड्यातलं पित्तच धरून ठेवते.

स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.