साठ की आठ: कराडच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्रपाळी करून घरी आल्यावर वाचली. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुमचा एक मुद्दा मला लागला आणि तो बरोबरही होता.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गेल्या महिन्यात मी ‘मास्कनं बसवलेला आवाज’ या नावानं आम्हा नर्सेसच्या घशाबद्दल लिहिलं होतं. त्यावर कराडजवळच्या हायस्कुलातून निवृत्त झालेल्या एका सरांनी लिहिलं की, मास्क लावून आणि काढून आवाज मोजला तर त्याच्या प्रतीत फारसा फरक सापडत नाही, मग दोष मास्कला का देता? शिवाय असलं लिहून तुम्ही मास्क टाळणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत देताय. आणि शेवटी, साठ-साठ पोरांच्या वर्गात आम्ही 34 वर्षं ओरडलो, मास्क नसताना आवाज गेला, तेव्हा आमचा घसा कुणाला आठवला नाही.

शीर्षक चुकलं माझं. ते बदललं आहे. मास्क तोंडावर असतो, स्वरतंतू घशात. तो त्यांना काही करत नाही. घसा बसतो तो मास्कपलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून केलेल्या आटापिट्यानं. पण सर, हा आटापिटा त्या मोजमापात येत नाही. मोजताना माणसाला शांत खोलीत बसवतात, लांब ‘आ’ म्हणायला लावतात, एखादा उतारा वाचून घेतात. तिथं समोरून कुणी “काय म्हणालीस?” विचारत नाही. मिरजेत माझ्या वॉर्डात प्रत्येक कॉटपाशी हाच प्रश्न असतो.

मास्क सगळा आवाज सारखा अडवत नाही. स्वर बरेचसे पार जातात. अडतात ती व्यंजनं, त्यातही स, श, फ यांच्यासारखी, ज्यांच्यात हवा घासून निघते. त्यांचा जोर वरच्या कंपनांत असतो आणि नेमकी तीच पट्टी, साधारण 2000 ते 7000 हर्ट्झची, मास्क दाबतो. साधा सर्जिकल मास्क 3-4 डेसिबलनं, एन-95 तर 12 डेसिबलपर्यंत. 12 डेसिबल म्हणजे त्या पट्टीतली ऊर्जा सोळाव्या हिश्श्यावर येते. मराठीत याचा परिणाम काय होतो? ‘साठ’मधला स गेला की ‘आठ’ उरतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. 2021 ची कोविडची दुसरी लाट, रात्रीचा हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सोपवणं. दुपारपाळीच्या सिस्टरनं सांगितलं, “पाच नंबर, युरीन साठ.” तासाला 60 मिली म्हणजे काळजीचं कारण नाही. मी आठ ऐकलं आणि तसंच चार्टवर लिहिलं. मोठ्या माणसाला तासाला 8 मिली म्हणजे किडनी धोक्यात. रेसिडेंट डॉक्टरांना फोन केला, ते किट चढवून धावत आले, युरीनची बॅग पाहिली तेव्हा उलगडा झाला. पेशंटला काही झालं नाही. पण आठ सांगितलेलं मी अंदाजानं साठ धरलं असतं तर रात्रभर निर्धास्त बसले असते. हा विचार अजून पाठ सोडत नाही.

त्या रात्रीपासून मी प्रत्येक आकडा ओरडून सांगायला लागले. मे संपेपर्यंत माझा आवाज संध्याकाळी फुटायचा, सकाळी उमटायलाच वेळ लागायचा. वरिष्ठांना सांगितलं तर “मिठाच्या गुळण्या करा” एवढंच उत्तर मिळालं.

गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्येच मांडलं होतं. ठरवून आवरायचं म्हटलं तरी ते अवघड जातं. आमच्याकडे तेव्हा हाय-फ्लो ऑक्सिजनच्या मशीनची घरघर, मॉनिटरचे अलार्म, डोक्यावरचा पंखा, आणि पीपीईच्या टोपीखाली झाकलेले कान. स्वतःचाच आवाज धड कानावर येत नसे. एन-95 सरकू नये म्हणून जबडा आवळून बोलायचं, म्हणजे सगळा ताण घशावर. किट काढता येत नसे म्हणून सहा-सहा तास पाण्याचा घोट नाही. बाईमाणसाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात. आवाज चढवला की हे आपटणं जोरानं होतं, आणि घसा कोरडा असेल तर जास्तच लागतं.

त्यात मिरजेचा पेशंट. अथणी, चिकोडी, रायबाग, इकडून जत. निम्म्यांची बोली कन्नड. मला कन्नड येतं ते कामापुरतं, आणि ते पेशंटला कळायचं माझ्या ओठांमुळे, चेहऱ्यामुळे. ओठ झाकले गेले आणि जतकडची एक आज्जी मला सरळ म्हणाली, “बाई, तू रागावतीस का गं सारखी?” मी तिला फक्त गोळी कधी घ्यायची ते सांगत होते.

तुमच्या कोलिताच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही, सर. आवाज पोचेना की माणूस काय करतो? मास्क हनुवटीवर ओढतो आणि बोलतो. ज्या क्षणी तोंडातून थेंब उडतात, त्याच क्षणी मास्क खाली. टीबीच्या पेशंटशी बोलतानाही मी हे पाहिलं आहे, शिकल्या-सवरलेल्या माणसांकडून. आवाजाची अडचण झाकून ठेवली तर मास्क तोंडावर टिकत नाही. ती सोडवली तरच टिकतो. म्हणून लिहिलं, आणि पुन्हा लिहीन.

ओरडण्यावाचून इलाज होता, तो आम्हाला उशिरा सापडला. आता आकडा सुटा सुटा सांगतो: “सहा-शून्य”. ऐकणाऱ्यानं तो परत म्हणायचा, मगच लिहायचा. पेशंटच्या कॉटजवळ जाऊन, त्याच्या नजरेसमोर उभं राहून बोलायचं. आधी टीव्ही बंद. कन्नडमधली दहा-बारा वाक्यं मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून ठेवली आहेत. वाचता न येणाऱ्यांसाठी मावशींनी चित्रं काढली, आणि ती छान काढली. दर दोन तासांनी आळीपाळीनं बाहेर जाऊन पाणी. स्पीच थेरपिस्ट ताईंनी स्ट्रॉमधून गुणगुणायला शिकवलं, ते मी ड्युटीआधी पाच मिनिटं करते. सारखं खाकरणं सोडलं. गळ्यात अडकवायचा छोटा माईकही मागितला आहे, तो अजून आलेला नाही.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ते वाचून मला वाईट वाटलं, कारण ते खरं आहे. आवाजावर पोट असणाऱ्यांत घशाचा त्रास सगळ्यात जास्त शिक्षकांना होतो, आणि शाळेनं त्यांना कधी एक माईक दिला नाही. तुमची तक्रार आणि माझी तक्रार एकच आहे.

पण तुम्ही ओघात असंही लिहून गेलात की गेले दोन महिने आवाज घोगरा आहे आणि “वयच झालं”. सर, कृपा करून असं म्हणून सोडून देऊ नका. तीन-चार आठवड्यांवर आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरतंतू बघायलाच हवेत. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बहुतेक वेळा साधंच काही निघतं, पण न बघता ते कळत नाही. कराडात दाखवा, नाहीतर मिरजेला या. मी या आठवड्यात सकाळपाळीला आहे, दोननंतर मोकळी असते. आधी इथंच निरोप टाका, मी बरोबर येईन.