मानकुराद आंब्यावरचे काळे डाग कार्बाइडचे नव्हेत

‘काळे डाग असलेला मानकुराद कार्बाइडने पिकवलेला असतो,’ असा मेसेज गावच्या ग्रुपवर फिरतोय. तसं नाही. हे डाग बहुतेकदा कोलेटोट्रिकम या बुरशीचे, म्हणजे बागायतदारांच्या ओळखीच्या करपा रोगाचे असतात. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तिचे बीजाणू कोवळ्या फळावर येतात, सालीत निपचित पडून राहतात आणि आंबा पिकू लागला की पसरतात. आमच्या परसातले, नुसत्या पेंढ्यात पिकवलेले आंबेही असेच डागाळले. दमट हवेत डागांवर नारिंगी-गुलाबी ठिपके फुटले, ती याच बुरशीची खूण. कार्बाइडने फळं पिकवण्यावर २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहेच, पण डागावरून ते ओळखता येत नाही. म्हापशाच्या बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांवर उगाच संशय येतो, याचं वाईट वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.