परीक्षकाच्या खुर्चीत आमचे अटेंडंट काका

विज्ञान दिनाच्या निमित्ताने यंदा कॉलेजच्या ग्रंथालयात ‘तीन मिनिटांत विज्ञान’ स्पर्धा घेतली. कल्पना माझी नव्हे. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने पीएचडीवाल्यांसाठी ती काढली: तीन मिनिटं, एकच स्लाइड.

“हे सायन्सवाल्यांचं काम, ग्रंथपालाने कशाला?” स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालंच. अहो, म्हणूनच! विभागात घेतली की परीक्षकही त्याच विषयाचे. मूल अर्धवट बोललं तरी उरलेलं ते मनातच भरून घेतात. मी रसायनशास्त्राचे सर, इतिहासाच्या मॅडम आणि आमचे अटेंडंट काका असे तिघे बसवले. काकांवरून दोन-चार भुवया वर गेल्या. जाऊ देत.

अट एकच होती, दोन संदर्भ काउंटरवर आणून दाखवायचे. एका मुलाची यादी मोठी देखणी. लेखक खरे, जर्नल खरं, पण त्या अंकात त्या पानांवर भलताच लेख! यादी चॅटजीपीटीने करून दिलेली. रागावले नाही, शेजारी बसवून खरे लेख शोधायला लावले. दीड तास गेला. खरं सांगू? स्पर्धेपेक्षा मला तो दीड तासच जास्त आवडला.

मग खाजन शेती (नदीकाठी बांध घालून खारं पाणी अडवून केलेली शेती) असलेल्या घरातली एक मुलगी मानशीवर, म्हणजे त्या बांधातल्या पाण्याच्या दारावर बोलली. स्लूस गेट, हायड्रोस्टॅटिक प्रेशर, सगळं इंग्रजीत, पाठ केलेलं. काकांनी विचारलं, “बाय, दार उगडटा कोण?”

तिने कागद खाली ठेवला. म्हणाली, कोणीच नाही. भरतीचं पाणी बाहेरून फळ्या ढकलतं, दार मिटतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला नदी उतरली की आतलं पाणीच दार लोटून बाहेर पडतं. दोन्ही तळव्यांचं दार करून दाखवलं तिने. हे सगळं अर्ध्या मिनिटात!

तरी नंबर दुसरा. ‘भाषा: १० गुण’ असं गुणपत्रिकेत मीच छापलं होतं आणि सरांनी त्याचा अर्थ इंग्रजी असा घेतला. चूक माझी. पुढच्या वर्षी तो रकानाच काढणार.

कार्यक्रम संपल्यावर काकांनी तिला जिन्यात गाठलं. बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली तर तुमच्याकडे काय करतात? “आजोला विचारून सांगते,” म्हणाली. सोमवारी काउंटर उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. पुस्तकासाठी नव्हे, काकांसाठी.