नेट फोनची ‘लिमिट’ काढायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

“भावजी, कॉलची लिमिट काढून टाकायला सांगू का? सगळ्या ग्रुपवर आलंय.” वहिनी मिरजेत एका दवाखान्याचा फोन सांभाळतात. जत, आटपाडीपासून पार कर्नाटकातल्या पेशंटचे फोन सकाळपासून सुरू असतात आणि तिथला फोन आता नेटवर चालतो. मेसेज म्हणतो: एका वेळी चालणाऱ्या कॉलची मर्यादा म्हणजे कंपन्यांची लूट, ती काढायला लावा, मोठा प्लॅन घ्या, आवाज आपोआप सुधारतो, लँडलाइन बंद करा, इमर्जन्सीला ॲपवरूनही फोन लागतो.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. काही कंपन्या एका वेळी किती कॉल चालतील यावर पैसे लावतात, एवढं मान्य. पण तंत्रज्ञाने घातलेली मर्यादा वेगळ्या कारणासाठी असते. नेटवरून आवाज पाठवायच्या नेहमीच्या जी.711 पद्धतीत बोलण्याचे सेकंदाला 50 तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्त्याची माहिती चढते आणि एका कॉलला जाता-येता प्रत्येकी सुमारे 87 केबीपीएस (सेकंदाला 87 हजार बिट) लागतात. आवाजासाठी 1 एमबीपीएस (1000 केबीपीएस) राखून ठेवले असतील तर त्यात 11 कॉल बसतात. बाराव्याला आत घेतलं की एकट्या त्याचाच आवाज तुटतो असं नाही, बाराही जणांचा तुटतो! हरवलेला तुकडा पुन्हा मागवत नाहीत, कारण उशिरा आलेला शब्द काही कामाचा नसतो. डोस सांगताना ‘अर्धी’ हा शब्द गळाला तर? बाराव्याला एंगेज टोन मिळाला तर तो दोन मिनिटांनी पुन्हा लावेल. ती मर्यादा आधीच्या अकरा जणांचं बोलणं वाचवते.

जास्त कॉल हवेतच तर जी.729 ही आवाज जास्त दाबून पाठवणारी पद्धत लावून घ्या. कॉलला 31 केबीपीएसच्या आसपास लागतात, तेवढ्याच जागेत तीस कॉल बसतात. आवाज थोडा उतरतो, पण शब्द कळतो.

मोठा प्लॅन? अपलोड खरंच भरत असेल तर उपयोग होतो. पण प्लॅन घेताना सगळे डाउनलोडचा आकडा बघतात आणि सीसीटीव्हीचं फुटेज किंवा एक्स-रेच्या फायली वर चढायला लागल्या की अडतं ते अपलोड. राउटरमध्ये आवाजाला आधी वाट दिलेली नसेल तर मोठ्या प्लॅनवरही बोलणं अडखळतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.114 शिफारशीप्रमाणे आवाज एका बाजूने 150 मिलिसेकंदांच्या आत पोचावा. नुसता वेग विकत घेऊन ही हमी मिळत नाही.

लँडलाइनचं थोडक्यात: जुन्या तांब्याच्या तारेला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून यायची, म्हणून लाइट गेली तरी फोन चालायचा. नेट फोनचा राउटर लाइट गेली की बंद, इन्व्हर्टरवर घेतला असेल तरच चालेल.

आणि इमर्जन्सी. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या अटींत स्पष्ट लिहिलंय की त्यावरून आपत्कालीन सेवांना फोन लावता येत नाही. दवाखान्याच्या ग्रुपवर हा मुद्दा पुढे पाठवणाऱ्यांनी तो मेसेज आजच काढावा. 112 आणि 108 साध्या मोबाइल कॉलने किंवा लँडलाइनवरूनच लावा.