निष्कर्ष आधी, मूल्यमापन सवडीने

शाळा सुटल्यावर वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवताय ना? मग निधी देणारे आज ना उद्या विचारणारच, ‘मुलांना उपयोग किती झाला?’ घाबरायचं काही कारण नाही. निष्कर्ष आधी लिहून ठेवा, आकडे मागाहून येतात.

सुरुवात नोंदणीपासून करा. एकच दिवस डोकावलेला मुलगा आणि वर्षभर रोज आलेली मुलगी, दोघंही ‘लाभार्थी’. ‘किती दिवस आला’ हा रकाना तक्त्यात ठेवूच नका. रकाना असला की तो भरावा लागतो.

प्रगती दाखवायची असेल तर पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं निवडा. त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो, त्यामुळे पुढच्या वेळी त्यांचे गुण आपोआप वाढतात. संख्याशास्त्रज्ञ याला ‘सरासरीकडे परतणं’ म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची मोजमापं घेऊन हे दाखवलं होतं. वाढलेल्या गुणांचं श्रेय या परतण्याला कशाला द्यायचं? वर्ग तुमचा आहे. आणि मध्येच गळालेली मुलं सरासरीत धरू नका. ज्यांना वर्गाची गरज सर्वांत जास्त होती तीच बहुधा आधी गळतात, पण त्यांच्यापायी आलेख का बिघडवायचा?

तुलना करा, पण बेतानं. तुमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरी कुणीतरी ‘वर्गाला जा’ म्हणून मागे लागणारं असतं. न येणाऱ्यांकडे तसं कुणी असेलच असं नाही. दोघांच्या गुणांतला फरक म्हणजे तुमचं यश, असं बिनधास्त लिहा. चिठ्ठ्या टाकून प्रवेश देण्याच्या फंदात मात्र पडू नका, त्यात दोन्ही गट सारखेच होऊन बसतात. अमेरिकेत ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स’ या सरकारी योजनेच्या काही प्राथमिक केंद्रांत जागांपेक्षा अर्ज जास्त होते. मॅथमॅटिका या संस्थेने तिथे असाच प्रकार केला आणि प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या वाचनाच्या गुणांत फरक सापडला नाही. २००३ साली पहिल्या वर्षाचा अहवाल येताच सरकारने योजनेचा निधी १ अब्ज डॉलरवरून ६० कोटींवर आणायचा प्रस्ताव मांडला. संसदेने तो मानला नाही, ते सोडा. शाळा सुटल्यानंतरच्या वेळात मुलांना जास्त सुरक्षित वाटतं, हे २००५ च्या अंतिम अहवालात आलं. आता संध्याकाळी आई कामावर असताना मुलाला भीती वाटत नाही, ही काय गुणपत्रिकेत लिहायची गोष्ट आहे? प्रामाणिकपणे मोजलं की असं होतं, हात दाखवून अवलक्षण!

उरला मुलांचा अभिप्राय. तो ताईंनी समोर उभं राहूनच भरून घ्यावा, अक्षर सुवाच्य येतं. पर्याय तीनच द्या: ‘आवडला’, ‘खूप आवडला’ आणि ‘सांगायला शब्द नाहीत’. वर्ग सोडून गेलेल्यांना ‘का सोडलास?’ विचारायला त्यांच्या घरी जाऊ नका, ती मुलं खरं सांगून बसतात. एखाद्या आगाऊ पोरानं फॉर्मच्या मागे ‘सर सगळा वेळ फोनवरच असतात’ असं लिहिलंच, तर तो फॉर्म ‘अपूर्ण माहिती’च्या गठ्ठ्यात सरकवा. पालकाची सही राहिली होती, असं कारण देता येईल.