'एलिनर अँड पार्क'बद्दल माझ्या पोस्टचा खुलासा

मागच्या रविवारी मी लिहिलं होतं की, या कादंबरीवर अमेरिकेत बंदी आहे आणि तिच्यात दोन शाळकरी मुलं पळून जाऊन लग्न करतात. कोथरूडच्या दोन-तीन पालक-ग्रुपवर ते अजून फिरतंय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. मी पुस्तक न वाचताच लिहिलं होतं, ऐकीव माहितीवर. चूक माझी.

आता अप्पा बळवंत चौकातून प्रत आणून वाचली. गोष्ट १९८६ची, अमेरिकेतल्या ओमाहा शहरातली. लाल केसांची, पुरुषी शर्ट घालणारी एलिनर आणि अर्धा कोरियन पार्क स्कूलबसमध्ये शेजारी बसतात. कित्येक दिवस बोलतच नाहीत. ती त्याच्या हातातलं कॉमिक तिरक्या नजरेनं वाचते, ते लक्षात आल्यावर तो पान जरा उशिरा उलटतो. (मला सगळ्यात हे आवडलं.) शेवटी ती घर सोडते ते सावत्र बापाच्या धाकानं, आणि पार्क तिला मामाकडे पोचवतो. लग्नबिग्न काही नाही.

बंदीचं म्हणाल तर, २०१३मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात काही पालकांनी पुस्तकातल्या शिव्यांवरून तक्रार केली आणि लेखिका रेनबो रोवेल यांचा कार्यक्रम रद्द झाला. पुस्तक मात्र शाळेच्या लायब्ररीतच राहिलं. देशभर बंदी कधीच नव्हती.

शिव्या आहेत, घरातली मारहाणही आहे. मुलांना द्यायचं की नाही ते आपापलं ठरवा. जुनी पोस्ट मी काढलीय. तुमच्याकडे आली तर कृपया पुढे पाठवू नका, आणि जिथे पाठवली असेल तिथे हा खुलासा टाका.